आयात माल, उंची सहा फूट पाच

मनिलात बास्केटबॉलचा एक मोसम मोजपट्टीनं सुरू होतो. अमेरिकेहून आलेला गडी बूट काढून ताठ उभा राहतो, लीगची माणसं त्याची उंची घेतात, आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर तो जरासा जरी भरला तरी हातात परतीचं तिकीट पडतं. फिलिपाइन्समधली पीबीए ही आशियातली सगळ्यात जुनी व्यावसायिक बास्केटबॉल लीग, १९७५ सालची. तिच्या ‘गव्हर्नर्स कप’ या स्पर्धेत प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो, पण तो फार उंच असून चालत नाही. ही मर्यादा आधी सहा फूट पाच इंच होती, नंतर ती एका इंचानं वाढली. कारण उघड आहे. स्थानिक पोरांच्या अंगाखांद्यावरून हात घालून टोपलीत चेंडू टाकणारा सात फुटी राक्षस आणला, तर बघायला कोण येणार? एरवी ज्या धंद्यात प्रत्येक जण आपली उंची इंचभर वाढवूनच सांगतो, तिथं हा एकटाच गुडघे जरा सैल सोडून, मान खांद्यांत घालून आपण तेवढे उंच नाही हे पटवायच्या बेतात असतो.

या गड्याला तिथं ‘इम्पोर्ट’ म्हणतात. वर्तमानपत्रांत, समालोचनात, करारातसुद्धा. शब्दात कसलाही आडपडदा नाही. माल बाहेरून मागवलेला आहे. पसंत नाही पडला तर परत पाठवू आणि दुसरा मागवू.

हा माल तयार कसा होतो, त्याचं गणित सोपं आणि निष्ठुर आहे. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि त्यांत मिळून चार-पाच हजार पोरं खेळतात. दरवर्षी जूनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट होतो, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. दोन फेऱ्यांत साधारण ६० नावं पुकारली जातात, आणि त्यातली बरीच हल्ली युरोपातल्या पोरांची असतात. एनबीएचे संघ ३०, प्रत्येकाकडे पक्के करार जास्तीत जास्त १५. म्हणजे साऱ्या जगातून ४५० खुर्च्या. ज्यांना खुर्ची मिळत नाही ते काही वाईट खेळाडू नसतात. आपापल्या गावात, आपल्या राज्यात सगळ्यात चांगला खेळणारा तोच असतो. त्याला विमानात बसावं लागतं एवढंच.

पी. जे. टकरची गोष्ट इथून सुरू होते.

टकर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीचा, जन्म १९८५चा. टेक्सास विद्यापीठाकडून खेळताना २००६ साली तो ‘बिग ट्वेल्व्ह’ या मातब्बर गटातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघातला लामार्कस ऑल्ड्रिज त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. टकर गेला पस्तिसाव्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीतल्या पोराला हमीचा करार मिळतो, दुसऱ्या फेरीत मिळते ती संधी. अडचण उंचीचीच होती, फक्त मनिलाच्या उलटी. कॉलेजात टकर टोपलीखाली उभा राहून उंच गड्यांशी झोंबाझोंबी करायचा. सहा फूट पाच इंचांचा माणूस एनबीएमध्ये त्या जागेसाठी बुटका, आणि बाहेरून नेम धरून खेळणाऱ्यांत घालावा तर नेम कच्चा. टोरांटो रॅप्टर्सनं त्याला १७ सामन्यांत थोडा थोडा वेळ मैदानावर सोडलं, मधे दुय्यम लीगमधल्या कोलोरॅडोच्या संघात धाडलं आणि मार्च २००७मध्ये मोकळं केलं. तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता.

त्या काळी या दुय्यम लीगचा, म्हणजे डी-लीगचा पगार मोसमाला बारा ते पंचवीस हजार डॉलरच्या घरात होता. अमेरिकेत शाळामास्तर त्याहून जास्त कमावतो. पण स्वप्नाच्या शेजारी राहायला मिळतं म्हणून कितीतरी पोरं तिथंच वर्षानुवर्षं काढतात. उद्या फोन येईल, परवा येईल. टकरनं ते केलं नाही. त्यानं इस्राएलमधल्या होलोन या तेल अविवच्या दक्षिणेला खेटून असलेल्या शहराच्या हापोएल होलोन संघाशी करार केला.

इस्राएलच्या लीगमध्ये तेव्हा चुरस अशी नव्हतीच. मकाबी तेल अविव हा संघ १९९४ ते २००७ सलग चौदा वर्षं अजिंक्य होता. २००८च्या अंतिम सामन्यात होलोननं त्यांना ७३-७२ असं हरवलं. एका गुणानं चौदा वर्षांची मक्तेदारी मोडली आणि टकर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एखाद्या चित्रपटात यानंतर थेट एनबीएचा फोन आला असता. खऱ्या आयुष्यात त्याला युक्रेनमधल्या दोनेत्स्कहून बोलावणं आलं.

पुढची चार वर्षं तो फिरत राहिला. दोनेत्स्क, पुन्हा इस्राएल, ग्रीसमध्ये थेसालोनिकीचा आरिस, इटलीत मोंतेग्रानारो, शेवटी जर्मनीतलं बाम्बर्ग. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. यातलं मोंतेग्रानारो जरा थांबून बघण्यासारखं आहे. मार्के प्रांतातल्या टेकड्यांवरचं हे छोटं गाव बूट बनवण्यासाठी प्रसिद्ध. क्लबचं नाव ‘सुतोर’, म्हणजे लॅटिनमध्ये चांभार. टकर तिथं होता तेव्हा संघाच्या नावाला प्रायोजक म्हणून जोडलेली कंपनीही बुटांचीच. आणि हाच टकर पुढे एनबीएत आपल्या अफाट स्नीकर-संग्रहासाठी ओळखला गेला, सामन्याच्या मध्यंतरातही बूट बदलणारा. नियतीला विनोदाचं अंग असतं ते असं.

असा करार नेमका असतो काय? युरोपात आकडा हातात पडणारा सांगतात. कर क्लबनं भरायचा. शिवाय फ्लॅट, गाडी, घरच्यांसाठी विमानाची एक-दोन तिकिटं. एजंटची दलाली, बहुधा दहा टक्के, तीही क्लबच देतो. ऑगस्टात पोचायचं, डॉक्टरी तपासणी, मग मे-जूनपर्यंत दिवसाला दोन वेळा सराव. एनबीएत ८२ सामने होतात, इथं आठवड्याला एक-दोन. पण प्रत्येक सामना म्हणजे जीव टांगणीला, कारण अनेक देशांत तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत जातो. सलग तीन सामने हरले की बदल अटळ. प्रशिक्षक महाग असतो, स्थानिक खेळाडूंना कोट्याचं संरक्षण असतं. बदलायला सगळ्यात सोपा कोण? परदेशी. जर्मनीत २०१२पासून बारा जणांच्या चमूत सहा जर्मन असावेच लागतात. उरलेल्या सहा जागांसाठी अख्खी दुनिया रांगेत.

त्यामुळे या खेळाडूला एक वेगळंच कसब अंगी बाणवावं लागतं, आणि ते नेमबाजीचं नसतं. विमानातून उतरल्यावर चार दिवसांत अनोळखी भाषेतल्या खुणा, अनोळखी प्रशिक्षकाचा तिरसटपणा, नऊ अनोळखी माणसांच्या पळण्याच्या सवयी ओळखायच्या आणि पाचव्या दिवशी वीस गुण काढायचे. कमी काढले तर पैसे वाया. जास्त काढले तर स्वार्थी, चेंडू न सोडणारा. दोन्हींच्या मधे एक अरुंद पायवाट आहे. तिच्यावरून चालता येणारे दहा-पंधरा वर्षं टिकतात.

आणि पगार थकतो, ते वेगळंच. क्लबचा मालक बांधकामवाला असतो, बांधकाम बसतं, जानेवारीपासून पैसे बंद. परक्या देशात, परक्या कोर्टात फिर्याद करायची कुठे? यावर २००७ साली फिबा या जागतिक संघटनेनं उपाय काढला: बास्केटबॉलसाठीचा खास लवाद. आज त्याला बीएटी म्हणतात, कायदेशीर ठाणं जिनिव्हा. एकच पंच नेमला जातो, कामकाज इंग्रजीत होतं आणि निवाडा कुठल्याही एका देशाच्या कायद्यावर नाही, तर न्यायबुद्धीला काय पटतं त्यावर केला जातो. गावच्या पंचासारखं म्हणा ना. हुकूम न पाळणाऱ्या क्लबवर फिबा नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घालू शकते, त्यामुळे पंचाच्या शब्दाला वजन येतं. या लवादाचे निवाडे वाचले तर जगभरच्या क्लबांची कौटुंबिक भांडणं वाचल्यासारखं वाटतं: न भरलेलं विजेचं बिल, न दिलेली गाडी, दुखरा गुडघा खरा की सोंग.

पॉल शर्ली हा कॅन्सासचा पोरगा अशाच फिरतीवर होता: ग्रीस, स्पेन, रशिया, मधेमधे एनबीएत उभ्या-उभ्या हजेरी. त्यानं २००७मध्ये पुस्तकच लिहिलं. नावाचा अर्थ साधारण ‘जर्सी ठेवून घेऊ का?’ असा. चार वर्षांत अकरा संघ, हे त्याच्या मुखपृष्ठावरच छापलं आहे.

मराठी वाचकाला हे सगळं अगदीच अपरिचित वाटायला नको. क्रिकेटमध्ये लँकेशायर लीगनं हाच खेळ फार आधी मांडला होता. गिरण्यांच्या गावातला क्लब, रविवारसाठी जपून ठेवलेला उत्साह शनिवारीच खर्च करणारे प्रेक्षक आणि प्रत्येक क्लबला एकच भाडोत्री ‘प्रोफेशनल’. १९२९ साली वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनला गेला. पुढे विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले. प्रोफेशनलनं अर्धशतक केलं की प्रेक्षकांत टोपी फिरायची. १९५२मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा विनू मांकड हॅसलिंग्डनच्या करारात अडकलेले होते. संघ अडचणीत आल्यावर क्लबनं त्यांना सोडलं आणि लॉर्ड्‌सवर त्यांनी ७२ व १८४ धावा करून डावात पाच बळीही घेतले. करार कुणाचा आणि माणूस कुणाचा, हा प्रश्न तेव्हाही होता. बास्केटबॉलमध्ये फक्त त्याला पासपोर्टाचा वास लागला.

जे. आर. होल्डनचंच बघा. पेन्सिल्व्हेनियातल्या बकनेलसारख्या अभ्यासू विद्यापीठाचा पदवीधर, १९९८च्या ड्राफ्टमध्ये कुणी नावही घेतलं नाही. लाटव्हिया, बेल्जियम, ग्रीस असं करत २००२मध्ये तो मॉस्कोच्या सीएसकेएत पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याला रशियाचं नागरिकत्व मिळालं. सरकारी फर्मानानं. पाच वर्षांचा रहिवास, भाषेची परीक्षा, असलं काही नाही. राष्ट्रीय संघात असा बाहेरून घेतलेला एकच खेळाडू चालतो, हा फिबाचा नियम. रशियानं आपला एक मोहरा होल्डनच्या रूपानं वापरला. २००७च्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना माद्रिदमध्ये होता, समोर यजमान आणि जगज्जेते स्पेन. दोन सेकंद उरले असताना होल्डनचा चेंडू रिंगणावर आदळत आत पडला. रशिया ६०, स्पेन ५९. साऱ्या स्टेडियमचा श्वास अडकवणारा तो माणूस पिट्सबर्गकडचा कृष्णवर्णीय अमेरिकन होता, आणि अंगात लाल-पांढरी रशियन जर्सी. चार वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या बो मकॅलेबनं मॅसिडोनियासाठी असाच चमत्कार केला. जेमतेम वीस लाख वस्तीचा देश युरोपात चौथा आला, तोही बास्केटबॉलवेड्या यजमान लिथुएनियाला उपांत्यपूर्व फेरीत घरी बसवून.

बायकांची गोष्ट याहून विलक्षण, कारण तिथं सर्वोत्तमांनाच बाहेर पडावं लागत होतं.

डायाना टौरासी ही अमेरिकेची बहुधा सर्वांत मोठी महिला बास्केटबॉलपटू. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमध्ये, सर्वाधिक पगार वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास असायचा त्या काळात रशिया तिला त्याच्या कित्येक पट देत होता. सुरुवातीला मॉस्कोजवळच्या स्पार्टाक संघानं. मालक शाबताई कालमानोविच. केजीबीचा हेर म्हणून इस्राएलमध्ये तुरुंगवास भोगलेला, नंतर मॉस्कोत संगीताचे जलसे भरवणारा धनाढ्य गृहस्थ. त्यानं टौरासी आणि तिची सहकारी सू बर्ड यांना बंगल्यात ठेवलं, दिमतीला गाड्या दिल्या. संघ सलग चार वेळा, २००७ ते २०१०, युरोपचा अजिंक्य ठरला. त्यातला चौथा चषक मालकानं पाहिलाच नाही. २ नोव्हेंबर २००९ला मॉस्कोत भर रस्त्यात गाडीतच त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. टौरासी पुढे उरल पर्वतालगतच्या येकातेरिनबर्गला गेली; तिथल्या संघामागे तांब्याच्या खाणींची कंपनी. २०१५मध्ये त्या संघानं तिला डब्ल्यूएनबीएचा पूर्ण मोसम विश्रांती घ्यायला पैसे दिले. म्हणजे परदेशी मालक घरच्या मालकाला सांगत होता: तुमच्याकडे तिची झीज होते. रशियात संघ खास विमानानं फिरायचा, तर मायदेशी याच बाया साध्या वर्गात गुडघे दुमडून बसायच्या. डब्ल्यूएनबीएनं सर्व सामन्यांसाठी खास विमानं सुरू केली ती २०२४मध्ये.

याच येकातेरिनबर्गला परतताना १७ फेब्रुवारी २०२२ला अमेरिकन खेळाडू ब्रिटनी ग्रायनर मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात ई-सिगारेटच्या नळकांड्या, त्यांत एक ग्रॅमही न भरणारं गांजाचं तेल. आठवड्यातच रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि सहा फूट नऊ इंचांची ही बाई खेळाडू उरली नाही, वाटाघाटीतला ऐवज झाली. ऑगस्टात नऊ वर्षांची शिक्षा, मग मोर्दोव्हियातल्या छावणीत शिलाईकाम. ८ डिसेंबरला शस्त्रांचा सौदागर व्हिक्टर बूट याच्या बदल्यात अबू धाबीत तिची सुटका झाली. आयात मालाचं असंही मोल होऊ शकतं, हे कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं.

टकरचं दोनेत्स्कही या नकाशावरून आधीच पुसलं गेलं होतं. २०१२मध्ये युक्रेनचं विजेतेपद जिंकलेला तो क्लब २०१४च्या लढाईत बंद पडला. त्याच वर्षी मोंतेग्रानारोचा क्लबही वरच्या लीगमधून गेला. फिरत्या खेळाडूच्या नावापुढची यादी वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. त्यातले काही संघ आता फक्त त्या यादीतच असतात.

टकर स्वतः तोवर निसटला होता. बाम्बर्ग हे बव्हेरियातलं जुनं, धुरकट चवीच्या बिअरचं गाव. बास्केटबॉलच्या वेडापायी ते स्वतःला ‘फ्रीक सिटी’ म्हणवतं. २०१२मध्ये तिथं लीग आणि चषक दोन्ही जिंकून तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या उन्हाळ्यात फिनिक्स सन्सच्या उमेदवारांच्या चमूत तो उतरला, तेव्हा वय २७. तिथं त्यानं जे केलं ते या लेखातल्या बहुतेकांना जमलेलं नाही. पाच देशांत मुख्य गुण काढणारा म्हणून पैसे घेतलेल्या माणसानं गुण काढायचा हट्टच सोडला. समोरच्या सगळ्यात धोकादायक खेळाडूला अडवायचं, पडेल त्या चेंडूवर झेप घ्यायची आणि आक्रमणात कोपऱ्यात उभं राहून वाट बघायची. चेंडू आलाच तर तीन गुणांचा फटका. युरोपात शिकलेलं कसब हेच तर होतं: या घरात कशाची उणीव आहे, ते चार दिवसांत ओळखणं.

फिनिक्स, पुन्हा टोरांटो, ह्यूस्टन, मग मिलवॉकी. जुलै २०२१मध्ये मिलवॉकी बक्स पन्नास वर्षांनी एनबीए विजेते ठरले आणि टकरच्या बोटात अंगठी आली. मिरवणूक झाली. दोन-तीन आठवड्यांत तो मायामीला गेला; त्याला ठेवलं असतं तर मालकांचा कराचा भुर्दंड फार वाढला असता.

आपल्याकडचे काहीजण या वाटेवर थोडे चालून आले. सतनाम सिंगला २०१५मध्ये डॅलसनं बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं, ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग जपानमध्ये खेळले, पुढे अमृतपाल सिडनी किंग्जमध्ये आणि अमज्योत ओक्लाहोमाच्या दुय्यम संघात गेला. मायदेशी यूबीए नावाची लीग निघाली होती, तीत ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ असे संघही होते. २०१७नंतर ती थांबली.

मनिलाच्या मोजपट्टीकडे परत यायला हवं, कारण तिथं एक जण राहिला आहे.

जस्टिन ब्राउनली जॉर्जियातल्या टिफ्टन गावचा. २०११च्या ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, मग दुय्यम लीग आणि फिरती. २०१६मध्ये बारांगाय जिनेब्रा या मनिलाच्या लाडक्या संघाचा इम्पोर्ट पॉल हॅरिस जखमी झाला म्हणून याला घाईनं बोलावलं. बदली माल. जिनेब्रानं आठ वर्षांत काही जिंकलं नव्हतं. अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी ब्राउनलीनं दुरून चेंडू फेकला, तो आत गेला आणि शहर रस्त्यावर आलं. तो पुनःपुन्हा येत राहिला. जानेवारी २०२३मध्ये खास त्याच्या एकट्यासाठी कायदा करून त्याला फिलिपिनो नागरिक करण्यात आलं.

त्या वर्षीच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत यजमान चीनविरुद्ध फिलिपाइन्सचा संघ वीस गुणांनी मागे होता. शेवटच्या मिनिटात ब्राउनलीचे दोन तीन-गुणी फटके, आणि ७७-७६. अंतिम फेरीत जॉर्डनला ७०-६० हरवून फिलिपाइन्सनं ६१ वर्षांनी सुवर्ण घेतलं. जॉर्डनचा आधारस्तंभ होता रॉन्डे हॉलिस-जेफरसन, तोही नागरिकत्व दिलेला अमेरिकन. सहा महिन्यांपूर्वी हेच दोघं मनिलात गव्हर्नर्स कपच्या अंतिम मालिकेत एकमेकांसमोर होते, इम्पोर्ट म्हणून, आणि तेव्हा हॉलिस-जेफरसन जिंकला होता.

सुवर्णाचा गुलाल खाली बसायच्या आत बातमी आली: ब्राउनलीच्या नमुन्यात गांजाचा अंश. ग्रायनरला ज्या वनस्पतीपायी नऊ वर्षं सुनावली गेली तीच. फिबानं त्याला तीन महिने बाहेर बसवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये तो पुन्हा राष्ट्रीय संघात होता, स्टेडियम त्याचं नाव घेत होतं.

पीबीएनं मात्र आपला नियम बदललेला नाही. देशाच्या जर्सीत तो फिलिपिनो. जिनेब्राच्या जर्सीत, संघाच्या यादीत, अजून इम्पोर्ट.